३५५ किलोमीटर, सव्वा तास

लंडनचे हीथ्रो आणि पॅरिसचे शार्ल द गोल या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ३४८ किलोमीटर आहे. जळगावचे विमानतळ आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातले सरळ अंतर सुमारे ३५५ किलोमीटर. म्हणजे आकाशाच्या हिशोबाने लंडनकराला पॅरिस जितके लांब, तितकीच जळगावकराला मुंबई. दोहोंत फरक फार तर जळगावहून विमानतळावर जाण्याइतका.

पण खरी गंमत पुढेच आहे. लंडन–पॅरिस मार्गावर जेट विमाने उडतात. ती ताशी आठशे किलोमीटरचा वेग सहज गाठतात. जळगावला येते ते एटीआर, म्हणजे पंख्याचे विमान. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. तरीही दोन्ही मार्गांच्या वेळापत्रकात प्रवासाचा वेळ सव्वा तासाच्याच मागेपुढे दिसतो. अंतर सारखे, वेग दीडपटीहून जास्त आणि वेळ मात्र तोच! शाळेत वेग, वेळ, अंतराचे सूत्र पाठ केलेल्या कुणालाही हे खटकेल. सूत्र चुकलेले नाही. आपण 'अंतर' कशाला म्हणतो आणि 'वेळ' कुठून कुठपर्यंत मोजतो, हे मात्र नीट तपासायला हवे.

जळगाव ते मुंबई: अंतरे तीन

जळगावहून मुंबई किती लांब, असे विचारले तर तीन माणसे तीन उत्तरे देतील. रेल्वेवाला सांगेल, मुंबई सीएसएमटीपासून ४२० किलोमीटर. गाडीचा चालक धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा असा रस्ता धरून चारशेच्या वरचाच आकडा सांगेल. वैमानिक सांगेल ३५५. तिघेही खरेच बोलतात.

रूळ आणि रस्ता यांना जमिनीचे ऐकावे लागते. नदीला पूल जिथे बांधता येतो तिथे जावे लागते, डोंगराला घाट जिथे आहे तिथूनच उतरावे लागते. मुंबईहून येणाऱ्या आगगाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात, कारण तिथे रूळ ३७ फुटांना एक फूट इतके चढतात. एवढे करूनही मुंबई–जळगाव रूळ सरळ रेषेपेक्षा साधारण पंधरा टक्केच लांब आहेत. खान्देशच्या आत मात्र हे प्रमाण अगदीच बिघडते. धुळे आणि जळगाव या दोन शहरांमधले सरळ अंतर सुमारे ८३ किलोमीटर. फागणे, पारोळा, एरंडोल, पाळधीवरून जाणारा महामार्ग सपाट मुलखातला, म्हणून तो ९५ किलोमीटरच्या आसपास भरतो. पण हाच प्रवास रेल्वेने करायचा म्हटला तर धुळ्याहून आधी चाळीसगाव गाठावे लागते आणि तिथून मुख्य मार्गाने जळगाव. तो वळसा होतो दीडशे किलोमीटरचा! नकाशा एकच, पण कशात बसून जायचे त्यावर गाव जवळ येते किंवा लांब जाते.

वहीत मांडता येणारे गणित

दोन विमानतळांमधले सरळ अंतर काढायला संगणक लागतोच असे नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हवेत आणि शाळेतले पायथागोरसचे प्रमेय आठवायला हवे.

जळगावचे विमानतळ साधारण २०.९६ अंश उत्तर आणि ७५.६३ अंश पूर्व येथे आहे, मुंबईचे १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व येथे. अक्षांशांतला फरक १.८७ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर झाले २०८ किलोमीटर. रेखांशांतला फरक २.७६ अंश. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात. विषुववृत्तावर एक अंश १११ किलोमीटरचा असतो, आपल्या खान्देश–मुंबईच्या पट्ट्यात तो सुमारे एकशे साडेचार किलोमीटरचा होतो, तर लंडनच्या अक्षांशावर जेमतेम सत्तर. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर २८८ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोण मांडा. २०८ चा वर्ग अधिक २८८ चा वर्ग, आणि बेरजेचे वर्गमूळ. उत्तर येते ३५५.

ही रीत पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत चांगली चालते. त्यापुढे पृथ्वीचा गोलवा आड येतो. एक टरबूज घ्या, त्यावर दोन ठिपके काढा आणि त्यांच्यामध्ये सुतळी ताणून धरा. सुतळी आपोआप जो मार्ग घेईल तोच गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग. मुंबई–लंडन या सुमारे ७,२०० किलोमीटरच्या प्रवासात विमानाचा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेला दिसतो, तो याच कारणाने. तो वळसा नसतो. नकाशाच कागदावर चपटा केलेला असतो.

पायथागोरसच्या रीतीने जळगावहून पुणे सुमारे ३२०, अहमदाबाद ३९०, हैदराबाद ५०५ आणि गोव्यातले मोपा ६०५ किलोमीटर येते. म्हणजे आकाशातून पाहिले तर जळगावला मुंबईपेक्षा पुणे जवळ आहे. रेल्वेने मनमाड, दौंड असा फेरा करून पुण्याला जाणाऱ्याला हे पटायला जरा वेळ लागेल.

गोंदूरच्या धावपट्टीवरचा धडा

विमानवाले मात्र किलोमीटर मोजत नाहीत. ते मोजतात सागरी मैल, आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला म्हणतात एक नॉट. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एकेक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा. नकाशाच्या कडेला अक्षांश छापलेलेच असतात, त्यामुळे मोजपट्टी वेगळी लागत नाही. जहाजवाल्यांची ही जुनी सोय विमानवाल्यांनी तशीच उचलली. या मापाने जळगाव–मुंबई १९२ सागरी मैल आहे.

हे गणित रोजच्या रोज शिकवले जाते ते धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर. धुळ्याहून प्रवासी विमान सुटत नाही, पण बॉम्बे फ्लाइंग क्लबचे वैमानिक प्रशिक्षण तिथे चालते. हा क्लब १९२८ सालचा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात वैमानिकाचा पहिला परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा याच क्लबात उडायला शिकले. जळगावच्या विमानतळावरही आता वैमानिक प्रशिक्षणाची सोय झाली आहे. खान्देशात भर दुपारी डोक्यावरून घरघरत जाणारे लहान विमान दिसते, ते बहुतेक वेळा कुणीतरी शिकाऊ वैमानिक चालवत असतो.

त्याच्या वहीतले एक गणित आपणही करून पाहू. गोंदूर ते जळगाव विमानतळ सरळ अंतर नव्वदेक किलोमीटर, म्हणजे पन्नासेक सागरी मैल. विमानाचा वेग उदाहरणापुरता १०० नॉट धरू. वारा पडलेला असेल तर जायला ३० मिनिटे, यायला ३० मिनिटे, एकूण तास. आता पश्चिमेकडून २० नॉटचा वारा सुटला असे समजा. जाताना वारा पाठीशी, जमिनीवरचा वेग १२०, वेळ २५ मिनिटे. येताना वारा तोंडावर, वेग ८०, वेळ साडेसदतीस मिनिटे. बेरीज साडेबासष्ट. जाताना वाऱ्याने दिलेले येताना त्याने परत घेतले, असे वाटते खरे. पण तो घेतो जास्त, देतो कमी. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते आणि त्याचा मार जास्त वेळ खाते.

लंडनला मुलाकडे जाऊन आलेल्या आई-वडिलांनी हे अनुभवलेलेच असते. मुंबईहून जाताना विमानाला नऊ-दहा तास लागतात, परतताना तासाभराने कमी. परतीच्या वाटेवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे पाठीशी असतात.

ठोकळा काढल्यापासून ठोकळा लावेपर्यंत

आता मूळ कोड्याकडे येऊ. ३५५ किलोमीटर अंतर आणि एटीआरचा ताशी ५१० किलोमीटरचा वेग, यांचा भागाकार येतो ४२ मिनिटे. मग वेळापत्रकात सव्वा तास का?

कारण वेळापत्रकातला वेळ हा उडण्याचा वेळ नसतोच. उभ्या विमानाच्या चाकाला पुढून-मागून ठोकळे लावलेले असतात. हे ठोकळे काढून विमान जागचे हलले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या गावी विमान उभे राहून पुन्हा ठोकळे लागले की थांबते. या मोजणीला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाते, तिथे परवानगीची वाट पाहते, चढते, उतरते, उतरल्यावर पुन्हा रांगत जागेवर जाते. हे सारे या वेळात येते.

ढोबळ हिशोब असा. जळगावला निघताना पाच मिनिटे. चढायला पंधरा, चढताना विमानाचा वेग सव्वातीनशेच्या आसपास असतो, त्यामुळे या वेळात ऐंशी किलोमीटर कापले जातात. उंचावरच्या सरळ उड्डाणाला वीस-बावीस मिनिटे. उतरणे आणि मुंबईच्या आकाशात आपला क्रम येईपर्यंत थांबणे, याला वीस ते पंचवीस. जमिनीवर आल्यावर आठ-दहा. झाला सव्वा तास! यात पूर्ण वेगाने धावण्याची मिनिटे तिसऱ्या हिश्शाच्याही आत आहेत. म्हणून विमान जेट असले काय आणि पंख्याचे असले काय, वेगाचा फायदा त्या तेवढ्याच मिनिटांत मिळणार. लंडनकरांचे जेट मधल्या टप्प्यात सात-आठ मिनिटे वाचवते आणि हीथ्रोच्या रांगेत ती परत घालवते. हीथ्रोभोवती चार ठिकाणी विमाने एकावर एक घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहतात.

मुंबईची अडचण वेगळी आहे. तिथे धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. दिवसाला नऊशेहून अधिक विमाने त्यावरून चढतात-उतरतात. त्यात आपल्या जळगावच्या विमानाला जागा मिळायची. शिवाय बहुतेक वेळा उड्डाण होते ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने. म्हणजे जळगावला ईशान्येकडे निघालेला प्रवासी आधी अरबी समुद्र पाहतो आणि मग वळून घराकडे येतो. ३५५ हा आकडा ताणलेल्या सुतळीचा आहे. प्रत्यक्ष उडलेले अंतर त्याहून थोडे जास्तच भरते.

कधी वळसा राजकारणामुळेही पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून फेरा घ्यावा लागला. दिल्ली आणि युरोप होते तिथेच राहिले, अंतर मात्र वाढले.

घड्याळ कुणाचे?

वेळापत्रक वाचताना आणखी एका ठिकाणी फसगत होते. लंडनहून सकाळी ९ वाजता निघालेले विमान पॅरिसला ११ वाजून २० मिनिटांनी पोहोचते आणि पॅरिसहून ९ वाजता निघालेले लंडनला ९ वाजून २० मिनिटांनी! एकीकडे दोन तास वीस मिनिटे, दुसरीकडे वीसच मिनिटे. विमानाला दोन्हीकडे लागला तो तास-वीस मिनिटे. वेळापत्रकात निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची छापतात, आणि पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते.

भारतात एकच प्रमाणवेळ असल्याने आपल्याला हा त्रास नाही. पण सूर्य प्रमाणवेळ मानत नाही. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, या हिशोबाने जळगावचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा ११ मिनिटे पुढे असतो. धुळे तर ७५ अंश रेखांशाच्या इतके जवळ आहे, की तिथली सूर्याची वेळ ग्रिनिचच्या बरोबर पाच तास पुढे येते, एखाद्या मिनिटाचा काय तो फरक. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईकरांनी ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढची आपली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आपल्या भाषेला हे वेळ-अंतराचे नाते घड्याळाच्या आधीपासून ठाऊक आहे. दिवस 'कासराभर' वर आला, असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो बैलाच्या दोराने वेळच मोजत असतो.

धावपट्टी, ऊन आणि तिकीट

जळगावची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये बांधली. पुढे ती नगरपालिकेकडे आणि नंतर महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेली. २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती आणि जळगावच्या कन्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते नव्या विमानतळाची कोनशिला बसली आणि २०१२ मध्ये ते सुरू झाले. प्रवासी विमान मात्र आले 'उडान' योजनेतून. २३ डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कनच्या एकोणीस आसनी विमानाने मुंबई–जळगाव सेवा सुरू झाली, ती फार टिकली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेटचे एटीआर आले. त्या कंपनीची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. २०२४ मध्ये अलायन्स एअर आणि फ्लाय ९१ यांनी मुंबई, पुणे, गोवा, हैदराबाद अशी गावे पुन्हा जोडली.

उडान योजनेत तिकीट ठरते ते अंतरावरच. पाचशे किलोमीटरच्या, म्हणजे साधारण तासाभराच्या प्रवासाला योजनेतल्या आसनांसाठी २,५०० रुपयांची कमाल मर्यादा, आणि कंपनीला पडणारी तूट सरकारने ठरावीक वर्षे भरून द्यायची, अशी तिची मूळ मांडणी. त्यामुळे प्रश्न उरतो तो मदतीची मुदत संपल्यावरचा. तोवर मार्गावर पुरेसे प्रवासी तयार झाले तर विमान टिकते.

जळगावला मोठे जेट का येत नाही, याचे उत्तर धावपट्टीत आहे. ती सुमारे १,७०० मीटरची आहे. एटीआरला पुरते, भरलेल्या मोठ्या जेटला अपुरी पडते. त्यात जळगावचे ऊन. तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही उतरतो. जळगावचे विमानतळ समुद्रसपाटीपासून अवघे २५६ मीटर उंच, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा विमानाच्या दृष्टीने सुमारे १,४०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी विरळ होते. म्हणजे भर उन्हाळ्याच्या दुपारी विमान जळगावहून नव्हे, जणू महाबळेश्वरच्या माथ्यावरून उडायचे असते! मग धाव लांबते किंवा वजन कमी करावे लागते.

घरापासून घरापर्यंत

शेवटी प्रवाशाला ठोकळ्यांशी काय देणे-घेणे? त्याला घरातून निघून कामाच्या जागी पोहोचायचे असते. तो हिशोब करू. जळगाव शहरातून अजिंठा रस्त्याने विमानतळ वीस मिनिटे, तिथे तासभर आधी हजेरी, सव्वा तास विमान, उतरून बाहेर यायला पंचवीस मिनिटे आणि दादरपर्यंत पाऊण-एक तास. चार तासांच्या आत-बाहेर काम होते. वेगवान आगगाडीलाही पाच ते सात-आठ तास लागतात. म्हणजे दिवसा जायचे असेल तर विमान एक ते चार तास वाचवते. रात्री जायचे असेल तर हिशोब पालटतो. रात्रीच्या गाडीतले तास झोपेत जातात, ते दिवसाच्या खाती पडत नाहीत. पॅरिसला जाणाऱ्या लंडनकराला तर समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी रेल्वे सव्वादोन तासांत शहराच्या मध्यावर नेऊन सोडते, म्हणून तिथे विमानाचा आग्रह कमी झाला. फ्रान्सने २०२३ पासून, रेल्वेने अडीच तासांत जाता येईल अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानेच बंद केली. आपल्याकडे रेल्वे त्या वेगाला पोहोचेपर्यंत जळगावच्या विमानाची गरज संपत नाही.

धुळेकराचा हिशोब निराळा. मुंबईला जाण्यासाठी त्याने जळगावचे विमान धरायचे म्हणजे नैऋत्येला जायला आधी ९५ किलोमीटर पूर्वेला जायचे. दोन तास रस्ता, तासभर हजेरी, सव्वा तास विमान, पुढे मुंबईतला दीड तास: पावणेसहा तास. तेवढ्या वेळात मुंबई–आग्रा महामार्गाने, म्हणजे आग्रा रोडने, गाडी मुंबईत पोहोचते, तीही एकदाच बसून. मात्र हैदराबाद किंवा गोव्याला जायचे असेल तर हेच दोन तास वसूल होतात, कारण रस्त्याने तिकडे जायला सबंध दिवस किंवा रात्र मोडते.

तेव्हा विमानाचे तिकीट काढताना पडद्यावर दिसणारा 'सव्वा तास' हा आकडा घ्या, त्यात घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता, हजेरीचा तास, बाहेर पडण्याची मिनिटे आणि पुढचा रस्ता मिळवा, आणि येणारी बेरीज रेल्वेच्या वेळेशेजारी लिहा. विमान धरायचे की गाडी, ते ही बेरीज सांगेल. जळगावच्या माणसाला ती मुंबईसाठी दिवसा विमान धरायला सांगते. धुळ्याच्या माणसाला सांगते, मुंबईसाठी आग्रा रोडच बरा.